मुखपृष्ठावरचा पंजा

मी एक जुनी भयकादंबरी आहे, मित्रांनो. माझ्या मुखपृष्ठावर लांब नखांचा, रक्ताळलेला एक पंजा आहे. घाबरू नका. तो पंजा आत कुठेच नाही. माझ्या साऱ्या दुःखाचे मूळ तेच आहे.

मला लिहिणारी बाई चपलांच्या दुकानात काम करायची. तिच्या आईला एक विचित्र आजार जडला होता. अंगाची कातडी हळूहळू कडक होत चालली होती. आधी बोटे वळेनाशी झाली, मग तोंड पुरते उघडेना. लेक दुकानातून आली की आईला तेल चोळायची, घास बारीक करून भरवायची आणि मग मला लिहायला बसायची. माझ्यात एक पडका बंगला आहे. त्यात एका बाईचे शरीर दिवसेंदिवस लाकूड होत जाते. तिच्या पाठीला साल फुटते, टाचांतून मुळे निघतात आणि फरशीत रुततात. तिची मुलगी रोज ती मुळे सोडवत बसते.

लेक लिहिलेले आईला वाचून दाखवायची. एकदा आई अडखळत म्हणाली, "त्या बाईला शेवटी मारू नकोस हं."

"नाही गं मारत," लेक म्हणाली.

प्रकाशकांना मात्र शेवट मुळीच रुचला नाही. "अहो बाई, लोक भयकथा घेतात ते दचकायला. मारून टाका तिला, नाहीतर मुलीच्या अंगावर तरी सोडा."

"ती जगणार," लेक म्हणाली. "बाकी काय हवं ते करा."

त्यांनी पंजा छापला.

मी एका वाचनालयात आले. सुरुवातीला माझ्यावर नुसती झुंबड उडाली. पण परत येताना प्रत्येकाचे तोंड वाकडे असायचे. "यात भूतच नाही!" "पंजा कुठाय?" "सगळी आजारपणाची रड!" ते चुकीचे बोलत होते असे मी म्हणत नाही. मुखपृष्ठाने त्यांना शब्द दिला होता आणि तो मी पाळू शकत नव्हते.

एक तरुण मात्र चिकाटीने वाचत राहिला. पंजा शेवटी तरी येईल, अशी त्याला आशा होती. शेवटचे प्रकरण संपले आणि तो भडकला. "चक्क फसवलं!" म्हणत त्याने त्या प्रकरणाची शेवटची पाने टराटरा फाडली.

"अरे, वाचनालयाचं पुस्तक आहे ते!" त्याची बायको ओरडली.

"कोण बघतंय?"

खरेच, वाचनालयात कोणी उघडून पाहिले नाही. मी तशीच कपाटात गेले. मित्रांनो, आपल्याच अंगाचा तुकडा नसताना उभे राहणे काय असते, ते मला विचारा.

कितीतरी काळ मला कोणी हात लावला नाही. मग एक शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांची बोटे काठीसारखी ताठ झाली होती, शिवणयंत्र कधीच बंद पडले होते. दोन्ही तळव्यांत मला धरून त्या खिडकीपाशी वाचायच्या आणि मनगटाने पान उलटायच्या. "ही बाई अगदी माझ्यासारखी आहे हो," असे त्या ग्रंथपालांना कौतुकाने सांगायच्या. इतक्या वर्षांत मला भेटलेली ही पहिली खरी वाचक. मी हरखून गेले. आणि पाने पुढे सरकत गेली तशी धास्तावत गेले.

शेवटचे उरलेले वाक्य असे होते : मुलीने दार उघडून आत पाहिले, तर आई

पुढे काही नव्हते.

काकूंनी पुठ्ठ्यापर्यंत चाचपून पाहिले. मग मला घेऊन त्या ग्रंथपालांकडे गेल्या. "पुढची पानं नाहीत यात. काय होतं हो त्या बाईचं?"

ग्रंथपालांनी मला वाचलेच नव्हते. त्यांनी पंजाकडे पाहिले आणि हसत म्हटले, "काकू, भयकथा आहे ही. मरत असणार, दुसरं काय!"

"हो," काकू हळूच म्हणाल्या. "तसंच असणार."

ती जगते, काकू! आई खिडकीपाशी बसलेली असते, तिच्या खांद्याला कोवळे पान फुटलेले असते आणि लेकीला पाहून ती गुणगुणू लागते! पण ती पाने माझ्याजवळ नव्हती. काकूंनी मला मेजावर ठेवले, पदर सावरला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. पुन्हा त्या कधीच आल्या नाहीत.

मित्रांनो, पुस्तक मनासारखे निघाले नाही तर रागवा, हवे तर मिटून ठेवा. पण ते फाडू नका. तुम्हाला नकोशा झालेल्या पानाची कोणीतरी जिवाच्या आकांताने वाट पाहत असते.