आत्यानं मागितलेला पाय

मी खवणी बोलतेय. हसताय काय? वय झालं तरी माझे दात सगळे जागेवर आहेत, तुमचे मोजा आधी.

माझी फळी नीरफणसाच्या लाकडाची आणि पातं मोडक्या ट्रकच्या लोखंडी पट्टीचं. पॅसिफिक समुद्रातल्या टोंगाच्या एका बेटावर माझ्या मालकाच्या, मोआलाच्या बापानं मला घडवलं. आमच्याकडे नारळ पुरुष खवतात. होय हो, पुरुष! रविवारी प्रार्थनेच्या आधी मोआला दोन्हीकडे पाय टाकून माझ्यावर बसायचा. खवलेलं खोबरं पिळायचं, ते दूध मासळीवर ओतायचं, अळूच्या पानात बांधून जमिनीतल्या भट्टीत ठेवायचं. गावभर वास जायचा. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच जिवावर चाललंय. होतीच मी गर्विष्ठ.

मग म्हणे बाजार खुला झाला. मी कुठली शिकलेली! पोरं धडे घोकताना शेजारी पडलेली असायचे, तेवढीच माझी शाळा. पण ऐकलं ते असं, की मोठ्या देशांनी आमच्या इवल्याशा देशाला सांगितलं, दारं उघडी ठेवा, आमचा माल येऊ द्या, तुम्हीही आमच्याकडे विका. विकायचं काय, माझं बूड? बाहेरचं तेल स्वस्त पडलं आणि आमची खोबऱ्याची गिरणी बंद झाली. मोआला तिथेच खोबरं द्यायचा. तो बंदरावर हमाल झाला आणि बोटीतून काय उतरवायला लागला? सिपी!

सिपी म्हणजे मेंढीच्या पोटाची चरबट पट्टी. जिथून येते तिथे ती कुणी ताटात घेत नाही. आमच्याकडे पेट्याच्या पेट्या, मासळीपेक्षा स्वस्त. बंद करा म्हणून एकदा बोलणं निघालं होतं. करारात बसत नाही म्हणे! आमची पोटं बरी बसली करारात.

आणि आमची माणसं तरी काय शहाणी! बोटीतून आलं ते भारी, झाडावरून पडलं ते हलकं. पाहुण्याला घरची मासळी वाढली तर यांची मान खाली जाते. मोआलाची बायको आकानेसी परदेशी नारळदुधाचा डबा फोडायची, आणि अंगणात पडलेल्या नारळांना कोंब फुटायचे. मी घराखालच्या अडगळीत गेले. कोंबडी माझ्यावर अंडी घालायची. कुणाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं मोआला डावा पाय इस्पितळात ठेवून आला. यंदा उजव्याचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, सिपी सोड, नाही तर हाही जाईल. आणि त्याच महिन्यात त्याची पन्नाशी आली. सगळं गाव जेवायला. यानं सिपीच्या बारा पेट्या आणवल्या!

आता लुपे आत्याचं ऐका. ती मोआलाच्या बापाची बहीण, ऐंशीची, महाबिलंदर. आमच्याकडे आत्याचा मान सगळ्यांत वरचा. तिनं भाच्याकडे काहीही मागावं, त्यानं नाही म्हणायची सोय नाही. पन्नाशीच्या सकाळी आली आणि बसली पेट्यांवरच.

"ह्या बाराही माझ्या."

"आत्या, अगं बारा?" आकानेसी म्हणाली. "दात किती उरलेत तुझे?"

"चघळीन. तुला काय करायचंय?"

"पाहुण्यांना काय वाढू मी?"

"समुद्र आटलाय का? नारळ संपलेत का? मोआल्या, ती खवणी काढ!"

कोंबडीला हुसकून मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी मोआला बसला माझ्यावर, एकच पाय टेकून. माझी फळी कलंडली. दोघंही अवघडलो.

पाहुणे मासळी जेवले. बोटं चाटली आणि जाताना म्हणाले, "म्हातारी भारी हावरट!" आत्या डुलत हसत होती. सिपी तिच्या डुकरांनी खाल्ली.

संध्याकाळी मोआला हळूच म्हणाला, "आत्या, एक पेटी तरी ठेवायचीस."

आत्याचं हसू गेलं. "मेल्या, मी मागीन ते द्यायचंस ना तू?"

"द्यायचंच."

"मग हा उजवा पाय मी मागितला. आजपासून तो माझा. माझ्या पायाला सिपी चालत नाही. आणि मला विचारल्याशिवाय तो कुणाला कापायला द्यायचा नाही."

मोआलानं उजवा पाय तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "घे."

त्याला चार महिने झाले. अंगठा गेला, पाऊल आहे. पण सिपीची बोट दर पंधरवड्याला येतेच, आणि ओझी उचलता येत नाहीत तरी उतरलेल्या पेट्या मोजायला तोच जातो. दुसरं काम आहे कुठे? आत्या किती पेट्यांवर बसणार? एका म्हातारीच्या हट्टावर देश चालवायचा का, सांगा! मला तर चीड येते, दात आवळून बसते नुसती.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण अडगळीत असेल, तर काढा तिला बाहेर. माझं म्हणाल, तर रविवार आला की मी कान देऊन पडून असते. आधी मोआलाची कुबडी वाजते. मग पायरीवर एक पाऊल.

आत्याचं.