तपासणीसबाईंचा निळा पेला

सरबतवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली तपासणीसबाई म्हणे, आणि त्यात थट्टा कमी, धाक जास्त. दुकानातला एकही पेला तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. पाक पातळ झाला किंवा रंग धड बसला नाही, की गिऱ्हाइकासमोरच म्हणायची, "परत घ्या हो हे. माणसाला द्यायच्या लायकीचं नाही." सरबतवाला मनातल्या मनात चरफडायचा आणि पेला मोरीत ओतायचा.

रंगाच्या बाबतीत तर ती हटूनच बसलेली. बीटाचा लाल, गाजराचा केशरी, पुदिन्याचा हिरवा. देवाने मातीतून दिलं तेवढंच घ्यायचं. निळा मात्र देवाने खाण्याच्या वस्तूंत फार हात राखून दिलेला, आणि बाजारात मिळायचा तो बाटलीतला, रसायनाचा. "जे मी माझ्या लेकीला पाजणार नाही, ते दुसरीच्या लेकराला कशाला पाजू?" एवढं बोलून तिने तो विषय मिटवला होता. पोरं निळं मागायची आणि हिरवं पिऊन जायची. गंमत बघा, तिचा स्वतःचा लाडका रंग निळाच होता.

आता ती दुकानामागच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खाटेवर होती. औषधांनी जिभेची चव नेली, आणि मग डॉक्टरांनी औषधंही थांबवली. घोटभर गार काही दिलं तर तेवढं उतरायचं.

"आज कशाचं करू?" त्याने सकाळी विचारलं.

"कशाचंही करा, मला पाणीच ते. चव गेली, आता डोळ्यांनी प्यायचं." ती जरा थांबली. "निळं कराल?"

"निळं? तू?"

"बाटलीतलं नको हं. जाता जाता माझा नेम मोडू नका."

केकचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याला शेवाळापासून काढलेली निळी पूड मिळाली. डबी चिमणीएवढी. दुकानदाराने बजावलं, "काका, हे लाडात वाढलेलं पोर आहे. उकळत्या पाकात घातलंत की जीव सोडतं. आणि आंबटाशी त्याचं हाडवैर. गार पाक घ्या, लिंबू लांब ठेवा." सरबतवाला घरी येईपर्यंत ते नामासारखं जपत आला. गार पाक, लिंबू नाही. गार पाक, लिंबू नाही.

पाक निवेपर्यंत तो थांबला. एरवी घाईने फुंकर मारणारा माणूस, पण हात जोडल्यासारखा भांड्यापुढे उभा राहिला. मग पूड पाण्यात कालवून पेल्यात सोडली. चमच्याच्या टोकावरून निळी धार सुटली, तळाला गेली आणि वळून वर आली. इतका निवळ निळा की त्याला हसूच फुटलं.

"आणतोय गं," त्याने हाक दिली.

"दवंडी नको, पेला आणा," आतून उत्तर आलं.

एका हाताने त्याने पेला ढवळला. आणि दुसऱ्या हाताने, जन्मभर जे केलं तेच केलं. ताटलीतली लिंबाची फोड उचलली आणि वरून पिळली. दोन थेंब टाकल्याशिवाय त्याच्या हातून पेला कधी सुटलाच नव्हता. हात कुठे आपला असतो, तो धंद्याचा झालेला असतो. थेंब पडले तेव्हा त्याला कळलं. निळाई फाटली, तिचे कण झाले, आणि बघता बघता पेल्यात राखुंडी कालवल्यासारखं काहीतरी उरलं.

त्याने लिंबाची फोड मोरीत भिरकावली.

"काय झालं हो?"

"काही नाही. दुसरं करतो. गार पाक आहे, आलोच."

"आहे ते आणा."

"अगं, बिघडलं. लिंबू पिळलं मी त्यात. मूर्ख माणूस."

"ते मला लग्नापासून माहीत आहे. आणा."

त्याने पेला नेला. तिने तो दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि पाहिला. तो नेहमीच्या शब्दांची वाट बघत राहिला.

"छान झालंय," ती म्हणाली. "निळंच तर आहे."

"अगं, राखेचं पाणी झालंय त्याचं."

"चष्मा पुसा तुमचा." तिने दोन घोट घेतले, डोळे मिटून तिसरा घेतला, आणि पेला त्याच्या हाती दिला.

तेव्हा त्याला उमगलं. जिने उभ्या जन्मात एक बिघडलेला पेला सोडला नाही, तिने हा सोडला. म्हणजे दुसऱ्याची वाट बघण्याइतका वेळ आपल्यापाशी नाही, हे हिला ठाऊक आहे. तो धडपडत दाराकडे वळला. डबीत पूड होती, भांड्यात पाक होता. खरा निळा पलीकडच्या खोलीत, हाकेच्या अंतरावर होता.

तिने त्याचं मनगट धरलं. "बसा ना. आयुष्यभर मेलं ते उभंच राहायचं का?"

देवाने माणसाला पाय दोन दिले, पण एका वेळी दोन ठिकाणी असायची सोय ठेवली नाही. तो दाराकडे बघत क्षणभर अडला, आणि बसला.

ती थोडं बोलली. निळं मागणाऱ्या पोरांबद्दल, पडद्याला घालायच्या टाक्यांबद्दल. मग नुसतीच श्वास घेत राहिली. ऊन खाटेवरून उतरून फरशीवर आलं. एक श्वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. त्याने मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातातला पेलाही खाली ठेवला नाही.

सकाळी निळ्याचं बोलणं ऐकून घरातून निघालेली लेक कामावरून आली. पिशवी खुंटीला अडकवून तिने दारातूनच डोकावलं. आई झोपलेली, बाबा शेजारी बसलेले, हातात पेला.

"बाबा," ती आवाज चोरून म्हणाली, "जमला का निळा?"

"आईला विचार," तो म्हणाला. सरबत कसं झालंय असं ज्याने ज्याने विचारलं, त्याला तो जन्मभर हेच सांगत आला होता.

लेक हसून खाटेशी आली, आईच्या कानाशी वाकली. "आई, सांग ना. जमला का बाबांना?"

सरबतवाल्याने तिला थांबवायला हवं होतं. पण तो मान वर करून आपल्या बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण ते त्यालाही ऐकायचं होतं.