काठावरचे

रत्नाने लाइफ जॅकेटचा पट्टा इतक्या जोरात ओढला, की निमिष कण्हला. तिला क्षणभर फार बरं वाटलं.

"टाइट झालं, यार."

"तूच म्हणालास ना, आत बोट शिरता कामा नये."

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या विमानाला अजून आठवडा होता आणि तिच्या डोक्याची मंडई आजच झाली होती. बुकिंग केल्यापासून निमिषला भूमध्य समुद्राशिवाय दुसरा विषय नव्हता. जेवताना झेंड्यांची उजळणी: लाल दिसला तर पाण्यात उतरायचं नाही, जांभळा दिसला तर जेलीफिश आहेत. प्रवाहाने आत ओढलं तर त्याच्याशी झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. जेट स्कीच्या वाटेत जायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. आज तर रंगीत तालीम म्हणून तो मायलेकींना शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या नेहमीच्या स्विमिंग पूलवर घेऊन आला होता. पाण्यात मात्र एकटी ज्ञानदा होती. हा माणूस कोरड्या कपड्यांवर जॅकेट चढवून काठावरून सूचना देत होता.

"बाबा, तू ये ना आत. टेस्ट इट," अकरा वर्षांची लेक म्हणाली.

कुणीतरी व्हिडिओ काढायला हवा, असं तो म्हणाला. मग चष्म्याचं कारण निघालं. ज्ञानदा पोहत काठाशी आली.

"तिथे मी पॅडलबोर्डवरून पडले, तर हू कम्स?"

"लाइफगार्ड असतो गं."

"आणि तो लांब असला तर?"

निमिषने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. त्याला पोहता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यावाचून आजवर काही अडलं नव्हतं, एवढंच. बरा सापडला, म्हणून रत्नाला हसू यायला लागलं. पण लेक आता तिच्याकडे बघत होती.

"आई, यू?"

या पूलच्या बाकावर रत्नाने सहा उन्हाळे काढले होते. रुचाची आई, सौमित्रचे बाबा आणि ती, सगळे अंगभर कपड्यांत, मांडीवर मुलांचे टॉवेल, मध्ये चिवड्याचा डबा. शिकायचं ते मुलांनी. पहिल्या दिवशी ज्ञानदा शिडीची दांडी सोडायला तयार नव्हती, रडून लाल झाली होती. तेव्हा रत्ना बाकावरूनच ओरडत होती, सोड गं, काही होत नाही. काही होत नाही हे तिला कुठून कळलं होतं, कुणास ठाऊक. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

पिशवीत क्रीटसाठी घेतलेला स्विमसूट होता, लेबलसकट. तिने लेबल दातांनी तोडलं आणि कपडे बदलायला गेली.

शिडी उतरताना पाणी छातीशी आलं आणि तिचे दोन्ही हात दांडीला चिकटले. ज्ञानदा पोहत समोर आली. आता आपलंच वाक्य ऐकावं लागणार, म्हणून रत्नाने डोळे मिटून घेतले.

"धरून ठेव," ज्ञानदा म्हणाली. "हवा तेवढा वेळ. आय ॲम हिअर."

काठावर निमिषने घड्याळ काढून चपलेत ठेवलं. मग तो शिडीशी आला.

"रत्ना, जरा सरकतेस का?" तो म्हणाला. "मलाही दांडी लागेल."