जरीच्या पट्ट्याचं बक्कल

"मास्तर, दार उघडा. अफसराचा पट्टा घावलाय, जरीचा."

आठ वर्षांपूर्वीची ती हाक देविकाच्या कानात अजून ताजी होती. नायगावचा केरबा गावोगावचं जुनं सामान घेत फिरायचा आणि लातुरात तिच्या नवऱ्याला, उद्धव मास्तरांना, निजामाच्या फौजेतल्या अफसरांचे पट्टे, बिल्ले, खांद्यावरच्या झालरी जमवायचा नाद. त्या दिवशी मास्तरांनी पट्टा तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेतला. जर पिवळी, बक्कल जरीहून पिवळं.

पुढं खंडेनवमी आली. घरातली विळी, कात्री पूजेला मांडताना देविकानं ते बक्कलही घेतलं आणि देवाच्या भांड्यांसारखं चिंच-राखेनं घासलं. मायेनंच घासलं. सोन्याचं पाणी राखेसंगं निघून गेलं, खाली उघडं पितळ राहिलं.

"केरब्यानं फसवलं," मास्तर म्हणाले. देविकाचे ओठ मिटले ते मिटलेच. मास्तरांनी केरबाला निरोप धाडला, येऊ नकोस. पट्ट्यांची पेटीही मग क्वचितच उघडली.

आणि आज केरबा न बोलावता दारात उभा. पिशवीतून त्यानं चामड्याची वादी काढली.

"देगलूरला एका घरात घावली. त्याच पट्ट्याची हाय, तलवार अडकवायची. जोड फुटू न्हाई म्हून आणली. ठेवा तुमच्यापाशी."

वादीला तसंच, पण लहान बक्कल. पिवळंधमक. मास्तरांनी ते खिडकीशी नेऊन उलटंपालटं केलं.

"म्हणजे सोन्याचं तुझ्याकडं होतं. मला तेवढं पितळ दिलंस."

"पितळ असतं तर पितळ म्हूनच दिलं असतं, मास्तर. वीस वर्सं तुमच्या दारी येत व्हतो, येवढं बी वळखलं न्हाई?"

"चहा घे आन् जा," मास्तर म्हणाले. देविकानं कप पुढं केला.

"चहा तरी खरा हाय का, वहिनी?" केरबा हसला. मग कप तसाच ठेवून उठला, चपलेत पाय सरकवला.

मास्तर पाठमोरे. त्यांचा अंगठा त्या लहान बक्कलावरून हळूहळू फिरत होता. हा माणूस आज गेला तर पुन्हा यायचा नाही, आणि यांचं जिवाभावाचं दुसरं कुणी नाही, हे देविकाला लख्ख दिसलं.

"केरबाभाऊ, थांबा." तिनं पदर सावरला. "अहो, इकडं बघा. ते बक्कल सोन्याच्या पाण्याचंच होतं. खंडेनवमीला चिंच-राखेनं मी घासलं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."