शेवटून अकरावा

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी नालवाडीतल्या घरी यशोदाबाई लेकाचा पांढरा शर्ट इस्त्री करत होत्या. खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या त्यांनी आधीच पुसून बाजूला ठेवल्या होत्या. दुर्गेशने पायलटच्या वर्दीतच बसावं, असं मुलीकडच्यांनी सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे लग्न माणसाशी थोडंच लागतं? ते हुद्द्याशी लागतं. मग हुद्दा फोटोत दिसायला नको का?

दुर्गेशच्या वडिलांना, नरहर गुरुजींनाही, त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतः एकच अट घातली होती, मुलीने नोकरी सोडायची. सुरभी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, तीही कायम. चार वर्षं प्रतीक्षा यादीत काढल्यावर तिला ती जागा मिळाली होती. "पायलटची बायको इंजेक्शनं देत फिरन का?" असं गुरुजी म्हणाले आणि मुलीच्या बापाने मान डोलावली. सोमवारी ती राजीनामा देणार होती.

गुरुजी चहा पीत होते. दुर्गेश समोर येऊन उभा राहिला. आठ दिवसांपासून तो 'सुट्टीवर' होता.

"बाबा, मी सुट्टीवर नाई. कंपनीनं घरी बसवलं."

"काऊन? काय केलं तू?"

"काईच नाई. आमची छोटी कंपनी मोठीत मिसळली. ज्येष्ठतेची नवीन यादी लागली. त्यायचे पायलट वर, आमी सगळे खाली. मी शेवटून अकरावा हाओ. खालच्या चाळीस जणायले काम नाई."

"पण तुही सात वर्षांची सेवा?"

"ते आता कोणी धरत नाई."

गुरुजींनी कप खाली ठेवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. मुख्याध्यापकपदासाठी ते अकरा वर्षं थांबले. दरवर्षी ज्येष्ठता यादी आली की आपल्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारायचे. सरकार बदललं, साहेब बदलले, पण यादीतला नंबर कुणी हिसकावला नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी दुर्गेशला दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनीच त्याला अडवलं होतं. जागा सोडली की ज्येष्ठता जाते, धीर धर, तुझा नंबर येईल. पोराने बापाचं ऐकलं.

"मुलीकडच्यायले सांगून टाकू," दुर्गेश म्हणाला. "ते पोरगी नोकरी सोडून राह्यली बाबा."

"एकदा साक्षगंध होऊन जाऊ दे," गुरुजी हळूच म्हणाले. "मंग पाहू."

पण दुर्गेश हॉलवर साध्या सदऱ्यात गेला. आचाऱ्यांच्या खोलीशेजारी त्याने सुरभीच्या वडिलांना, तानबाजींना, गाठलं आणि सगळं सांगितलं. गुरुजी मागे उभे होते. आता हा माणूस आपल्याला चारचौघांत फाडून खाईल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर तसंच व्हावं, असंही वाटलं.

तानबाजींनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी दुर्गेशचे दोन्ही हात धरले.

"जावईबापू, पाया पडतो, आज बोलू नका. पायलट जावई भेटला म्हणून साऱ्या कारंजा गावात सांगून बसलो मी. मांडवातून परत गेलो तर सुरभीले कोण करन? तिच्या पाठची अंजू हाये. वर्दी घाला बाप्पा."

"अन् सुरभी?" दुर्गेशने विचारलं.

"तिले काय समजते?"

हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या यशोदाबाईंनी डोळ्याला पदर लावत पिशवीतून शर्ट काढला. दुर्गेशने बापाकडे पाहिलं. गुरुजींनी नजर खाली घातली आणि पोराने मुकाट्याने वर्दी चढवली.

अंगठी घातली, फोटो निघाले. बायका खांद्यावरच्या पट्ट्यांना हात लावून पाहत होत्या. सुरभी गुरुजींच्या पाया पडली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "मामाजी, एक विचारू का? आमच्या मोठ्या सिस्टर म्हणतात, कायमची नोकरी एकदा सोडली का पुन्हा नाई भेटत. सोमवारी देऊनच टाकू ना राजीनामा?"

दुर्गेशने झटकन मान वर केली. तानबाजी गुरुजींकडे पाहू लागले. नुसतं 'थांब बेटा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कायम नोकरीची किंमत त्या हॉलमध्ये गुरुजींइतकी कुणाला ठाऊक होती? पण बाजूला पाहुणे उभे होते, आणि सगळ्यांचे कान त्यांच्याकडे लागले होते.

"देऊन टाक," गुरुजी म्हणाले. "पायलटच्या घरी येऊन राह्यली तू."

ती समाधानाने हसली. ते हसू गुरुजींना सोसवेना, म्हणून ते पंगतीची व्यवस्था पाहायला गेले.

सोमवारी सुरभीने राजीनामा दिला. महिन्याभरात तिच्या जागेवर प्रतीक्षा यादीतली दुसरी मुलगी हजर झाली. दुर्गेशला कंपनीचं बोलावणं आलं नाही, अजूनही आलेलं नाही. लग्न मात्र ठरल्या तिथीला थाटात लागलं.

वाचकहो, त्या पंगतीत खरं ठाऊक असलेले चौघे जण बसले होते, आणि चौघांचंही त्या मुलीवर प्रेमच होतं. यंदा तुम्ही किती साक्षगंधांना जेवून आलात?