चाळणीवरची दहा मिनिटं

मावशींनी काठी भिंतीला टेकवली, दांडा धरला आणि आधी उजवा, मग डावा पाय उचलून त्या मशीनच्या पाटीवर चढल्या. चढ जेमतेम चार बोटांचा, पण त्यांच्या कमरेला तो जिन्याएवढा वाटे. शेजारच्या पाटीवर बाई आधीच उभ्या होत्या. गुडघे किंचित वाकवलेले, मान ताठ, समोर जणू चाळीस मुलांचा वर्ग आहे.

डॉक्टरांनी दोन्ही मशीनची बटणं दाबली आणि पाट्या थरथरू लागल्या. ती थरथर तळव्यांतून पोटऱ्यांत, तिथून मांड्यांत आणि मग कमरेत चढली. नऊ वर्षं तिथे ठाण मांडून बसलेलं दुखणं क्षणभर गांगरल्यासारखं झालं. जात नसे ते. घरात पाहुणे आले की म्हातारं माणूस कोपरा धरून बसतं, तसं नुसतं बाजूला सरायचं. दहा मिनिटांची ही थरथर, आणि त्यानंतर दोन-अडीच तास अंग आपलं वाटायचं. तेवढ्यात मावशी भाजी आणत, केस धूत, खाली वाकून जे काही करायचं ते उरकून घेत.

"आज चाळण जोरात आहे," बाई म्हणाल्या.

त्याला आवाज नव्हता. नुसते ओठ हलले.

"खडे निवडून काढायचे असतील आपल्यातले," मावशी म्हणाल्या, त्याही तशाच.

मशीनला चाळण हे नाव बाईंनीच ठेवलेलं. व्यायामाच्या या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पाटीवर उभ्या राहून मोठ्यानं काहीतरी बोलायला गेल्या आणि आवाज शेळीसारखा थरथरत बाहेर पडला. पलीकडे सायकल मारणारे दोघे हसले. ज्या आवाजानं पस्तीस वर्षं वर्ग गप्प केले त्याची ही गत बघून बाईंनी ओठ घट्ट मिटले, ते पुढच्या दोन खेपांना उघडलेच नाहीत. चौथ्या खेपेला मावशींनी मान वळवून, अगदी सावकाश, आवाज न काढता विचारलं होतं, "गुडघा का?" बाईंनी आधी दचकून पाहिलं, आणि मग मान हलवली.

मावशींना ते बोलणं गिरणीनं दिलेलं. विणाई खात्यात शेकडो माग एका वेळी धडधडत. कानाला तोंड लावून ओरडलं तरी अर्धंच कळायचं. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. तोंड पुरतं उघडायचं, शब्द सुटा सुटा करायचा, आणि जिथे आवाज चढवायचा तिथे भुवया चढवायच्या. अशा सोयरिकी जुळल्या नि मोडल्या, बाळंतपणं सांगितली गेली, मुकादमाची टिंगल तर त्याच्या नाकासमोर झाली. एकच नियम होता. जे आपल्यासाठी नाही ते वाचायचं नाही. दोन बायका बोलताना दिसल्या की आपली नजर सुतावर न्यायची. एका नव्या पोरीनं कुणाच्या तरी ओठांवरचं तिसऱ्याला नेऊन सांगितलं, तेव्हा महिनाभर कुणी तिच्याकडे तोंड केलं नाही. त्या खात्यात याहून मोठी शिक्षा नव्हती.

गिरणी बंद झाली आणि ती विद्या पडून राहिली. पुढे यजमान गेले. मुलगी लांबच्या गावी, दर रविवारी न चुकता फोन करायची, पण फोनला ओठ नसतात. तिचं "बरी आहेस ना?" आणि मावशींचं "हो, बरी आहे" यांच्यामध्ये कुणाच्या घरचा टीव्ही वाजतोय तेही कळत नसे.

बाई तीन आठवड्यांत शिकल्या. हुशार विद्यार्थिनी. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा-दहा मिनिटं दोघी शेजारी शेजारी थरथरत उभ्या राहत आणि भरल्या दवाखान्यात कुणाच्या कानावर न जाता बोलत. आवाज लागत नाही म्हटल्यावर माणूस काय काय बोलतं. बाईंनी सांगितलं, नवरा गेल्यावर मला रडू आलं नाही, झोप आली, सलग चार दिवस झोपले मी. मावशींनी सांगितलं, दुखणं फार झालं की मी त्याच्याशी भांडते, मोठ्यानं, स्वयंपाकघरात. बाई हसल्या होत्या त्यावर. मशीनवर हसलं की सगळं अंग हसतं.

दहा मिनिटं संपली की मात्र त्या एकमेकींना नुसती मान लववत आणि आपापली पिशवी उचलत. आवाजात त्या कधी बोलल्याच नव्हत्या.

हॉलच्या कोपऱ्यात डॉक्टरांची काचेची केबिन होती. आल्या-गेल्याला तिथे बसवून डॉक्टर विचारत, "दहापैकी किती दुखतंय?" आणि आकडा कागदावर लिहीत. आकडा तीनवर किंवा त्याच्या खाली आला की मशीन बंद, मग घरी व्यायाम. बाहेर नाव लावून बसलेले पुष्कळ होते. मावशींना त्या नियमाची कधी धास्ती वाटली नाही. त्यांचा आकडा सात होता. पहिल्या दिवशी सात, चार महिन्यांनीही सात. डॉक्टर, वयानं त्यांच्या मुलीहून लहान, दर वेळी तो सात लिहिताना खाली बघायची.

त्या शुक्रवारी बाईंचं मशीन आधी थांबलं. त्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. मावशींची अजून दोन मिनिटं उरली होती. डॉक्टरांची हॉलकडे पाठ होती आणि बाईंचं तोंड बरोबर मावशींच्या समोर. नजर न्यायला समोर सूत नव्हतं.

"मला आता दुखत नाही, डॉक्टर," बाई म्हणत होत्या. शब्द सुटा सुटा, तोंड पुरतं उघडून, शिकवला होता तसा. "दोन महिने झाले. मी पाच-पाच सांगत राहिले ते खोटं होतं."

डॉक्टरांचे खांदे हलले. काहीतरी विचारलं असावं.

"कळतंय मला, बाहेर लोक थांबलेत. पण शेजारच्या त्या मावशींना कुणी नाही हो. मी आले नाही तर त्या बोलतील कुणाशी? इतक्या लांबून दोनदा यायचं माझ्याही जिवावर येतं, पण—"

मावशींनी मान वळवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पन्नास सेकंद उरले होते. ते सगळे त्यांनी मोजले.

घरी आल्यावर त्या पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. भाजी आणली नाही, केस धुतले नाहीत. ते मोलाचे दोन-अडीच तास तसेच बसून गेले आणि दुखणं आपल्या जागी परत येऊन बसलं.

त्यांना राग आला नव्हता. राग यावा असं बाईंनी काय केलं होतं? त्यांना आठवत होती ती विणाई खात्यातली मोतीबिंदूवाली. तिला तुटका धागा दिसेनासा झाला तेव्हा आजूबाजूच्या तिघी आपले माग सांभाळून तिचाही माग बघत होत्या. आठ महिने. तिघींतली एक मावशीच. एक दिवस तिला कुणाकडून तरी ते कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही, डबासुद्धा खिळ्याला तसाच लटकत राहिला. तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, केवढा हा ताठा. आपण इतकं केलं त्याचं काही नाही.

आता मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ बसून राहिल्या.

मंगळवारी त्यांनी काठी घरी ठेवली. कुंपणाच्या भिंती धरत, जिथे भिंत नव्हती तिथे दात आवळत, त्या बसथांब्यापर्यंत गेल्या. दवाखान्याच्या दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी श्वास जमवला, चेहरा सारखा केला आणि केबिनमध्ये सरळ चालत गेल्या.

"किती, मावशी?" डॉक्टरांनी पेन आधीच सातवर नेऊन ठेवलं होतं.

"पाच म्हण."

डॉक्टरांनी वर पाहिलं.

शुक्रवारी त्यांनी चार सांगितले. ताणलेलं सूत एकदम सोडलं तर गुंता होतो, मागाच्या चाकाचा एकेक दात सोडत यायचं, ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी बाईंचं मशीन अजून चालूच ठेवलं होतं; त्या दिवशी बाई चाळणीवरून सांगत होत्या की त्यांच्या भाचीला जुळं झालंय आणि दोन्ही मुलं बापावर गेलीत, बिचारी. मावशींनी हसायचं तेवढं हसून घेतलं. त्या बाईंच्या ओठांकडे बघत होत्या आणि त्यांच्या मनात येत होतं, हे सांगायला ही इतक्या लांबून आली, जिवावर आलं असताना.

पुढच्या मंगळवारी केबिनमध्ये खुर्चीवर बसताना कमरेतून अशी कळ गेली, की त्यांनी टेबलाची कड धरली आणि ती धरल्यासारखी वाटू नये म्हणून तिथली धूळ बोटानं पुसली.

"दोन," त्या म्हणाल्या.

"खरंच?" डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मावशींना तिची दया आली. "मला वाटलंच नव्हतं, मावशी. तुमच्या बाबतीत मी हात टेकले होते."

"मीही."

"मग आजचं शेवटचं. तुमची वेळ मी दुसऱ्यांना देते. घरचे व्यायाम सोडायचे नाहीत हं. आणि पुन्हा दुखलं तर या."

"येईन की," मावशी म्हणाल्या.

पाटीवर चढून त्यांनी दांडा धरला. थरथर सुरू झाल्यावर बाईंकडे मान वळवून, अगदी नीट, एकेक अक्षर उमटवून त्यांनी सांगितलं, "माझं संपलं आज. बरं वाटायला लागलंय."

 बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. दहा मिनिटं दोघी शेजारी शेजारी थरथरल्या आणि एकीचेही ओठ हलले नाहीत.

बसथांब्यावर बाक होतं. मावशी त्यावर टेकल्या. थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं. बाईंची बस पलीकडच्या बाजूनं सुटायची.

"खोटं बोलायचं असेल तर काचेकडे पाठ करून बसावं," बाई म्हणाल्या.

आवाजात म्हणाल्या. मावशींना वाटला होता त्याहून तो आवाज जाड होता, थोडा घोगरा. चार महिन्यांत त्यांनी तो असा धड ऐकलाच नव्हता. त्यांना आधी आवाजाचंच नवल वाटलं, अर्थ मागून पोचला. आपण जरा जास्तच चांगलं शिकवलं.

"तुम्ही तरी कुठे पाठ केली होती?" त्या म्हणाल्या.

बाईंचा हात पिशवीच्या चेनवर होता, तो तिथेच थांबला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्यामागे एक सायकल.

"कुठवर वाचलंत?"

"जिवावर येतं, इथवर."

"आणि पुढचं?"

"पुढं मी घड्याळाकडे बघितलं."

बाई वळून बसल्या. त्यांनी काही सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण वळणावर बस दिसली होती आणि ती थांबण्याच्या आधीच मावशी उठून उभ्या राहिल्या. पुढची तासाभरानं होती. शिवाय मागे माणसं गोळा झाली होती, कुणाची तरी पिशवी त्यांच्या पाठीला लागत होती. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि स्वतःला वर ओढून घेतलं. बाईंचा हात कोपराखाली आलेला त्यांना जाणवला. मग तो सुटला.

खिडकीजवळची जागा मिळाली. काच गच्च बसलेली, मावशींनी दोनदा रेटून पाहिली, हलली नाही. खाली बाई उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली होती आणि त्या बोलत होत्या, हे मानेवरून आणि हनुवटीवरून कळत होतं. सावकाश बोलत असाव्यात, नीट, सुटं सुटं. पण काचेवर समोरच्या इमारतीची आणि आभाळाची सावली पडली होती आणि नेमका तोंडाचा भाग त्यात बुडाला होता. मावशी पुढे वाकल्या, बाजूला झाल्या, तळहातानं काच पुसली. तेवढ्यात बस हलली.

विणाई खात्यात न वाचलेल्या शब्दाला मान कुणी हलवत नसे. चालू मागाशेजारी चुकीच्या होकारानं बोटं जात. एकतीस वर्षांत मावशींनी तशी मान एकदाही हलवली नव्हती.

बाईंचं बोलून झालं असावं. त्या थांबून वर बघत होत्या.

मावशींनी मान हलवली. हो, म्हणाल्या.