आठवी तार

थोरला दात बनवायचा. स्वतःचे नव्हे, लोकांचे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. पुढून डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा मेणात एकेक दात बसवून, घासून, चकाकी आणून कवळी परत पुढे धाडायचा. ज्यांच्यासाठी एवढी खटपट, ती माणसं त्याला कधी दिसत नसत. त्याने घडवलेलं हसू गावभर मिरवायचं आणि रस्त्यात समोरून आलं तरी त्याला ओळख द्यायचं नाही. दिवसभर सोबतीला एक पॉलिशचं यंत्र होतं, तेही आपलंच रडगाणं गाणारं.

संध्याकाळचं गाणं मात्र वेगळं होतं. मेटल, म्हणजे रॉकचा सगळ्यात दणदणीत प्रकार. शेजारच्या काकूंच्या मते, पत्र्याच्या गोदामात मारामारी लागल्याचा आवाज. थोरला गिटार वाजवायचा, त्याचा धाकटा भाऊ बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, आणि ड्रमवर मास्तर. हा मास्तर शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचा आणि त्याचा सगळा वचपा संध्याकाळी ड्रमवर काढायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्याच गॅरेजात, गाड्या बाहेर काढून, तिघांचा सराव चाले.

मग धाकट्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. बेस तो घेऊन गेला, बस्तान बसलं की सरावाला येत जाईन म्हणाला. बस्तान बसलं, पण येणं काही जमलं नाही. आधी ऑफिस, मग घर, मग पोरीचा ताप, पोरीचं लसीकरण. कारणं सगळी खरी होती, त्यामुळे रागवायचीही पंचाईत.

बेस गेल्यावर बँडची गत पाय मोडलेल्या टेबलासारखी झाली. गिटार वर कर्कश, ड्रम खाली एकटे, मध्ये नुसतं भगदाड. मास्तरने एक नवा बेसवाला शोधून आणला. पोरगा चांगला होता, तालात पक्का होता. थोरल्याने आधी त्याच्या हाताच्या ठेवणीत खोट काढली, मग ऐकण्यात, मग त्याच्या चपला दारात आडव्या असतात यात. पोरगा काय समजायचं ते समजला आणि यायचा थांबला.

मास्तरचं डोकं फिरलं. तो एरवी शांत माणूस, समोरून ट्रक आला तरी आवाज न चढवणारा. पण त्या दिवशी त्याने थोरल्याला सरळ सुनावलं. "माणूस घ्यायचा नसेल तर आठ तारांची गिटार घे. तिची खालची तार बेसच्या घरात उतरते. दोघांत भागवू. नाहीतर मी हे ड्रम विकतो आणि संध्याकाळीही शिकवण्या घेतो."

मास्तर शब्दाचा पक्का होता, हे थोरल्याला ठाऊक होतं. मास्तर गेला की उरतं काय, तर खोली, कवळ्या आणि काकू. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो जमवलेले पैसे घेऊन वाद्यांच्या दुकानात गेला.

दुकान एका बाईंचं होतं. केसांत पेन्सिल खोचलेली, नाकावर चष्मा, गिऱ्हाइकाला बसा म्हणायची पद्धत नाही. बाईंना स्वतःला मेटल अजिबात आवडत नसे आणि त्या ते लपवतही नसत. थोरल्याने बजेट सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपण जबडा उघडून बसलोय असं वाटलं.

दर्शनी भागात एक लाल भडक आठतारी टांगलेली होती. पाहताक्षणी तो तिच्यावर भाळला. किंमतही बसत होती. त्याने ॲम्पला जोडून आवाज फाडणारं डिस्टॉर्शन लावलं, दोन फटके मारले आणि खूश झाला.

बाईंनी येऊन ॲम्प बंद केला. डिस्टॉर्शन लावलं की सगळ्याच गिटारी शूर होतात, आधी कोरडी वाजवून पाहा, म्हणाल्या. कोरडी वाजवल्यावर लालबाईचं पितळ उघडं पडलं. सगळ्यात जाड तार नेकवर, म्हणजे गिटारीच्या लांब दांडीवर, ओल्या दोरीसारखी लुळी पडली. सूर कुठला हेच कळेना. बाईंनी समजावलं, की तार जितकी खाली लावायची तितकी नेक लांब हवी, म्हणजे ती ताणलेली राहते. या गिटारीला सहा तारांची नेक ठेवून वर दोन तारा चढवल्यात. दिसायला झकास, वाजायला सगळा आनंद.

मग त्यांनी आतून दोन काढल्या. एक सात तारांची, जवळजवळ नवी, नेक घोटीव, आवाज भरदार. दुसरी आठ तारांची, वापरलेली, काळी, कडेचे टवके उडालेली, पण लांब नेकची. तारांचा आवाज टिपणारे पिकअप साधे, खुंट्या जरा कुरकुरणाऱ्या. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. या पैशात सातची उत्तम येते, नाहीतर आठची कामापुरती, असा बाईंचा हिशोब होता.

थोरल्याने दोन्ही आळीपाळीने मांडीवर घेतल्या. सातवाली हातात अशी बसली की सोडवेना. खालची तार खणखणीत. पण ती बेसच्या घरापर्यंत पोचत नव्हती, उंबऱ्याशी थांबत होती. आठवाली बोजड, रुंद, अनोळखी. तिची खालची तार छेडली तेव्हा लाकडातून कंप त्याच्या बरगड्यांत शिरला. हा कंप त्याच्या ओळखीचा होता. धाकटा शेजारी उभा असायचा तेव्हा जमिनीतून यायचा तोच.

त्याला ठरवता येईना. बाई वैतागून म्हणाल्या, "सोपं आहे. बँडमध्ये बेसवाला असेल तर सात घ्या. आठवी तार त्याच्या आवाजावर पाय देते, दोघांचा चिखल होतो. नसेल तर आठ. तुमच्याकडे बेसवाला आहे ना?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला असा रोखठोक कुणी विचारलाच नव्हता. मास्तरशी बोलताना 'तो आला की' असं म्हणून भागायचं. काकूंना 'येईल हो' सांगितलं की झालं. इथे हातात दोन गिटारी होत्या आणि समोर बाई.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि काळ्या गिटारीला पिशवी शोधायला गेल्या. त्यांच्या लेखी तो साधा व्यवहार होता. थोरल्याच्या मात्र डोळ्यांत पाणी तरळलं आणि ते दिसू नये म्हणून तो उगाच तबल्यांच्या किमती वाचत राहिला.

त्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला तेव्हा नवी गिटार घेतल्याचं त्याने सांगितलं. किती तारांची, असं धाकट्याने विचारलं. सात, असं थोरला बोलून गेला. लहानपणापासून दोघांत खोटं बोलायचं खातं धाकट्याकडे होतं. त्यामुळे थोरल्याला ते नीट जमलं नाही, पण फोनवर कळलंही नाही.

गॅरेजात मास्तरने काळ्या गिटारीचं कौतुक केलं, टवके दिसलेच नाहीत असं दाखवलं. दोघं वाजवायला लागले. पहिल्याच गाण्याला भगदाड बुजलं. भिंतीवरचं टायर हललं. मास्तर रंगात आला. मग त्यांनी स्वतःचं जुनं गाणं घेतलं, तिघांनी मिळून केलेलं. त्याच्या मध्यावर गिटार आणि ड्रम दोन्ही एकदम थांबायचे आणि धाकटा एकटाच बेसवर जिना उतरल्यासारखा खाली जायचा, मग दोघं त्याला खालच्या पायरीवर गाठायचे.

ती जागा आली. मास्तरने हात उचलून धरले. थोरल्याने तळहाताने तारा दाबल्या. दोघांचीही मान एकाच वेळी त्याच कोपऱ्याकडे वळली. तिथे रिव्हर्स शिकवायचे प्लास्टिकचे शंकू रचलेले होते. त्या शांततेत रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला.

मास्तरच आधी भानावर आला. "अरे, ते आता तुलाच वाजवायचंय."

पुन्हा घेतलं. या खेपेला थोरला थांबला नाही. आठव्या तारेवरून तो जिना एकट्याने उतरला, सूर अन् सूर धाकट्याचा, धाकटा जिथे किंचित रेंगाळायचा तिथे रेंगाळून. खालच्या पायरीवर मास्तर बरोबर येऊन भेटला. चूक काढायला जागा नव्हती. मास्तरने उठून त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. आता आपल्याला कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको, असं तो खुशीत म्हणाला. थोरलाही हसला. पण घरी जाताना पाठीवरची ती पिशवी त्याला फार जड झाली. भावाला बाहेर ठेवून आपणच आतून कडी लावली, असं त्याला वाटत राहिलं, आणि ते सांगायचं तर सांगावं असा एकच माणूस होता, तो तर बाहेरच होता.

रविवारी दुपारी धाकट्याचा पुन्हा फोन आला. पोरगी नुकतीच झोपली होती, त्यामुळे तो गॅलरीत उभा राहून दबक्या आवाजात बोलत होता. नवी गिटार ऐकव, म्हणाला. थोरल्याने आढेवेढे घेतले. धाकट्याने आपलं ते जुनंच गाणं मागितलं.

आता ऐकेलच, तर ऐकू दे, असं थोरल्याने ठरवलं. फोन उशीला टेकवून ठेवला, काकूंच्या झोपेपायी छोट्या ॲम्पचा आवाज बारीक केला आणि सुरू केलं. ती जागा आली तशी डिस्टॉर्शन बंद करून, तारा छेडायची पिक ओठांत धरून, बेसवाले वाजवतात तसं नुसत्या अंगठ्याने तो जिना उतरला. काही लपवायचं नाही, झालं ते झालं. वाजवून संपवलं आणि फोन कानाला लावून तो बोलणी खायला तयार राहिला.

पलीकडून धाकटा म्हणाला, "दादा, तिथे तुम्ही अजून थांबता?"

थोरल्याला उलगडा होईना.

"माझ्या जागेवर रे. सगळं गप्प झालं. नुसती बारीक टकटक येत होती. तू मोजत होतास ना, मी वाजवतोय असं धरून?"

मग थोरल्याच्या ध्यानात आलं. फोनच्या एवढ्याशा जिवाला तो खालचा सूर पेललाच नव्हता. पोचली होती ती फक्त तारेवर आपटणाऱ्या अंगठ्याची चाहूल.

"हो," तो म्हणाला. "मोजत होतो."

"मास्तरपण थांबतो?"

"तोही."

धाकटा नाक ओढत हसला. मला वाटलं एव्हाना तुम्ही कुणालातरी घेतलं असेल, म्हणाला. भीतीच वाटायची विचारायची. पोरगी जरा मोठी झाली की नक्की येतो, या खेपेला खरंच. आत ती उठून रडायला लागली, तरी फोन ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"तू हो आत," थोरला म्हणाला. "आम्ही थांबतो तिथे."

फोन बंद झाला. मांडीवरची गिटार त्याने भिंतीला लावून ठेवली आणि तो बराच वेळ तिच्याकडे पाठ करून बसला.